आगरकरांचें चरित्र आतां पुरे

जून महिन्याची १७ तारीख आली कीं आमच्या कराडांत कोठें ना कोठें तरी एक सभा भरते. पाऊस नुकताच लागलेला असतो, दाराशीं छत्र्यांचें पाणी ठिबकत असतें, टेबलावरील तसबिरीला झेंडूचा हार घातलेला असतो, आणि कोणी तरी विद्वान् वक्ते गोपाळ गणेश आगरकर यांच्या पुण्यतिथीनिमित्त तासभर बोलून जातात. पुढें महिन्याभरानें, जुलैच्या १४ तारखेस, जयंती येते. तेव्हां तीच तसबीर, तसाच हार आणि बहुशः तेंच व्याख्यान. त्या व्याख्यानाचा मजकूर आतां आम्हांस तोंडपाठ झाला आहे. विद्यार्थिदशेंत अंगावर एकच सदरा, तो रात्रीं धुवून सकाळीं घालावयाचा. पुण्यांत सनातन्यांनीं जिवंतपणींच काढलेली प्रेतयात्रा. आणि शेवटीं, स्वतःच्या अंत्यविधीला पैसे कमी पडूं नयेत म्हणून बांधून ठेवलेली ती पुडी. पुडीपाशीं वक्त्यांचा आवाज भरून येतो, श्रोत्यांपैकीं कांहीं वडील मंडळी डोळे पुसतात, आभारप्रदर्शन होतें आणि चहा येतो.

गेल्या खेपेस चहा पितां पितां आम्ही वक्त्यांना विचारलें, "आपणांस आगरकरांचा कोणता निबंध विशेष आवडतो?" प्रश्नांत कुचकेपणा नव्हता, एका वाचकानें दुसऱ्या वाचकास विचारावा तसा तो विचारला होता. वक्ते क्षणभर थांबले आणि हंसून म्हणाले, "अहो, आगरकरांचें जीवन हाच त्यांचा सर्वांत श्रेष्ठ निबंध!" सभोंवतालच्या चौघांनीं माना डोलाविल्या. एकानें तर हें वाक्य वहींत टिपूनही घेतलें.

त्या वाक्याशीं आमचें भांडण आहे, आणि प्रस्तुत लेख त्या भांडणापायींच लिहिला आहे. वरवर पाहतां वाक्य गौरवाचें दिसतें. परंतु तें उलगडून पाहावें. ज्या गृहस्थानें जवळजवळ सात वर्षें 'केसरी' चालविला आणि त्यानंतर मरेपर्यंत 'सुधारक' चालविला, ज्यानें आठवड्यामागून आठवडा आपल्याच समाजाशीं वाद घातला, त्यानें काय लिहिलें हें पाहण्याची आतां गरज नाहीं. तो गरीब होता, निःस्वार्थी होता, छळ सोसूनही ढळला नाहीं, एवढें कळलें कीं पुरे, असा त्या गौरवाचा अर्थ आहे. निबंध वाचला तर त्यास होय किंवा नाहीं असें कांहीं तरी उत्तर द्यावें लागतें. जीवनाला नमस्कार केला कीं भागतें. आगरकरांस नमस्कार नको होते. उत्तरें हवीं होतीं.

तें चरित्र मोहक आहे हें आम्हीही नाकारीत नाहीं. १८५६ सालीं कराड तालुक्यांत कृष्णाकांठच्या टेंभू गांवीं जन्म. घरची स्थिति हलाखीची. शिक्षणासाठीं कराडांत आजोळीं राहणें. पुढें मामलेदार कचेरींत उमेदवारी. शिकण्याच्या ओढीनें पायीं रत्नागिरी गांठणें आणि तेथें निभाव न लागल्यामुळें परत येणें. मग कराडच्याच दवाखान्यांत कंपाउंडरचें काम. तेथून वऱ्हाडांत अकोल्यास जाऊन १८७५ मध्यें मॅट्रिक होणें. आणि अखेरीस पुण्याचें डेक्कन कॉलेज, जेथें शिष्यवृत्त्या, बक्षिसें आणि वर्तमानपत्रांतील लेख यांवर गुजराण चालली. याच कॉलेजांतून त्यांनीं आपल्या आईस तें पत्र लिहिलें, ज्यांत मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा तिनें धरूं नये, पोटापुरत्या मिळकतींत समाधान मानून आपण उरलेलें आयुष्य लोकहितासाठीं वेंचणार, असें त्यांनीं कळविलें. कोणतीही आई हें पत्र वाचून काय म्हणाली असेल! आमच्यासारख्या संसारी माणसांना तें पत्र वाचतांना लाज वाटते आणि लाजेबरोबरच एक प्रकारची सुटकाही वाटते, कारण असा मनुष्य आपल्याहून इतका निराळा कीं त्याचें अनुकरण कोणी आपणांकडून मागणारच नाहीं.

चरित्राचा सगळा घोटाळा या सुटकेंत आहे. संतचरित्र ऐकावयाची आम्हां मराठी माणसांस पिढ्यान् पिढ्यांची संवय. छळ, दारिद्र्य, निष्ठा, अकालीं अंत, या सांच्यांत आगरकर हुबेहूब बसले. आणि ज्यानें देवतांची उत्पत्ति माणसाच्या भयांत व अज्ञानांत शोधली, त्याच्या तसबिरीपुढें आम्ही उदबत्ती लावूं लागलों. ती उदबत्ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे.

मोठ्या लेखकास निरुपद्रवी करून सोडण्याची ही युक्ति मराठी लोकांनींच शोधून काढली असें मात्र नाहीं. आयर्लंडांत दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं तिचा एक ठळक प्रयोग झालेला आहे, आणि तो आमच्या प्रकरणाशीं ताडून पाहण्याजोगा आहे. जोनाथन स्विफ्ट हा १६६७ सालीं डब्लिन शहरीं जन्मला. बाप जन्मापूर्वींच वारला. चुलत्याच्या आश्रयानें त्याचें शिक्षण झालें. पुढें धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १७१३ मध्यें तो डब्लिनच्या सेंट पॅट्रिक देवालयाचा डीन, म्हणजे मुख्य अधिकारी, झाला. इंग्लंडनें आयर्लंडाच्या माथीं वुड नांवाच्या कंत्राटदाराचीं तांब्याचीं हलकीं नाणीं मारण्याचा घाट घातला, तेव्हां या डीननें एका कापडवाल्याचें सोंग घेऊन १७२४ सालीं खुलीं पत्रें छापविलीं. लेखकाचें नांव सांगणारास सरकारनें ३०० पौंडांचें बक्षीस लावलें; नांव गांवांत सर्वांस ठाऊक होतें, सांगावयास कोणी पुढें आला नाहीं; आणि नाण्यांचा तो ठेका दुसऱ्याच वर्षीं सरकारला रद्द करावा लागला. १७२९ सालीं त्यानें एक लहानसें चोपडें काढलें. आयरिश गरिबांचीं मुलें श्रीमंतांच्या जेवणासाठीं विकावीं म्हणजे दारिद्र्याचा प्रश्न सुटेल, अशी ती सूचना होती, आणि ती हिशेबनिसाच्या थंड भाषेंत, मुलांची संख्या, वजन आणि किंमत मांडून केलेली होती. वाचणारास प्रथम शिसारी येते, आणि दुसऱ्या क्षणीं कळतें कीं शिसारी यावयाची ती जमीनदार आणि सरकार प्रत्यक्ष जें करीत आहेत त्याची यावयास हवी होती.

याच मनुष्याचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे १७२६ सालचा गलिव्हरचा प्रवास. त्या प्रवासाचे भाग चार. पहिल्यांत वीतभर उंचीचीं माणसें आणि त्यांचें अंडें कोणत्या टोंकाकडून फोडावें यावरून माजलेलें धर्मयुद्ध. दुसऱ्यांत राक्षसी देहाचे लोक आणि त्यांच्या राजानें ऐकून घेतलेली युरोपाची कीर्ति. तिसऱ्यांत काकडींतून सूर्यकिरण काढूं पाहणारे पंडित. आणि चौथ्यांत विवेकी घोडे व त्यांच्या देशांतील घाणेरडा, लोभी, मनुष्याकृति प्राणी, ज्यांत गलिव्हरला आपलेंच रूप दिसतें. पुस्तक छापणारानें भीतीनें त्यांतील मजकुरास पहिल्याच आवृत्तींत हात लावला. आणि उडत्या बेटाविरुद्ध एका शहरानें केलेल्या बंडाचा प्रसंग तर १८९९ पर्यंत छापलाच गेला नाहीं. परंतु छापखानेवाल्यानें केलें नाहीं तें पुढें लोकांच्या प्रेमानें केलें. शेवटचे दोन भाग गाळून, पहिल्या दोहोंतील टोंचणी काढून, रंगीत चित्रें घालून, तें पुस्तक मुलांच्या हातीं देण्यांत आलें. आज आमच्या घरांतून 'लिलिपुट' हा शब्द चार वर्षांच्या बालकास ठाऊक असतो आणि चौथा भाग चाळीस वर्षांच्या बापास ठाऊक नसतो. जे लेखकाकडे वळले ते त्याच्या पुस्तकांकडे वळण्याऐवजीं त्याच्या खासगी आयुष्याकडे वळले : त्याच्या स्नेहांतील दोन स्त्रिया, त्याचा विक्षिपणा, अखेरच्या वर्षांतला बुद्धिभ्रंश. गोष्टी रसाळ होत्या; त्यांच्या आड तो भयंकर शहाणा मनुष्य दिसेनासा झाला.

तरीही स्विफ्टचें भाग्य म्हणावयाचें. त्याच्या अंगावरचें कातडें सोलून कां होईना, मुलें त्याचें पुस्तक वाचतात, आणि त्यांतून एखादा मोठेपणीं मूळ ग्रंथ उघडून दचकतो. आगरकरांच्या वांट्यास तेंही आलेलें नाहीं. त्यांचे ग्रंथ कोणी विकृत केले नाहींत, कारण ते कोणी उघडलेच नाहींत. आणि ते दुर्मिळ आहेत ही सबबही चालावयाची नाहीं. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें म. गं. नातू व दि. य. देशपांडे यांच्याकडून समग्र आगरकर संपादित करवून तीन खंडांत प्रसिद्ध केला, त्यास आतां चाळीस वर्षें होत आलीं. हें मंडळ स्थापिलें तें कराडच्याच यशवंतराव चव्हाणांनीं, मुख्यमंत्री असतां, १९६० सालीं. कराडच्या एका पुत्रानें दुसऱ्याच्या ग्रंथांची सोय लावून ठेविली. वाचण्याचें तेवढें आम्हां कराडकरांवर सोंपविलें होतें. टेंभू हें नांव आज उभ्या मुलुखाला माहीत आहे, पण तें उपसा सिंचन योजनेमुळें. तेथें कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें वर चढवून खानापूर-आटपाडीकडील दुष्काळी शिवारांस नेतात. (पाणी चढास नेण्याचा हा खटाटोप आगरकरांस मनापासून आवडला असता.) टेंभूच्या पाण्यासाठीं मोर्चे निघतात आणि ते निघावेत हें योग्यच आहे, टेंभूच्या गद्यासाठीं कोणी साधा अर्जही केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां त्या गद्याविषयीं. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' निघाला तेव्हां त्याचे पहिले संपादक आगरकर होते. दुसऱ्याच वर्षीं कोल्हापूरच्या प्रकरणांत अब्रूनुकसानीचा खटला होऊन टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत गेले, आणि बाहेर आल्यावर आगरकरांनीं त्या १०१ दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहिली. तुरुंगांतील दिवसांवर मराठींत पुढें पुष्कळ लिहिलें गेलें, बहुतेक गंभीर, कांहीं रडकें. परंतु स्वतःच्या कैदेकडे इतक्या विनोदानें पाहणारें पुस्तक मराठीनें इतक्या आधीं लिहून ठेवलें आहे याची आम्हांस दादही नाहीं. त्याच कोठडींत 'हॅम्लेट'चें भाषांतर चाललें होतें. तें १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें निघालें. पुढें सामाजिक प्रश्नांवरून सहकाऱ्यांशीं मतभेद वाढले, १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी' सोडला, आणि १८८८ च्या १५ ऑक्टोबरला 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू काहीं काळ गोपाळ कृष्ण गोखले पाहत, मराठी बाजू आगरकर.

त्याच १८८८ सालीं आगरकरांनीं आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केलें, ज्याचा सभांतून कधीं उच्चारही होत नाहीं : 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण'. मराठी वाक्य कसें बनतें, त्याचे अवयव कोणते, मुख्य वाक्याच्या अंगाखालीं गौण वाक्यें कशीं बसतात, याचा तो विचार आहे. आम्हांस तर 'सुधारका'ची किल्ली या व्याकरणाच्या पुस्तकांत दिसते. आगरकरांचें वाक्य लांब असतें, परंतु तें पसरट नसतें. 'जर' आला कीं त्याचा 'तर' कोठें येणार हें त्यांना पहिल्या शब्दापासून ठाऊक असतें. प्रतिपक्षाचें म्हणणें ते आधीं मांडतात, तेंही पुरतें, कधीं कधीं प्रतिपक्षाला साधलें नसतें इतक्या नीटसपणें; मग एकामागून एक प्रश्न विचारीत जातात; आणि चौथ्या-पांचव्या प्रश्नापाशीं वाचकाच्या ध्यानांत येतें कीं आपण उभे होतों ती जागा आतां उरली नाहीं. हें काम तुटक, टाळीखाऊ वाक्यांनीं होत नसतें. आगरकरांची भाषा जड आहे, आजच्या मुलांना झेपत नाहीं, असें जे म्हणतात त्यांनीं आपलीं मुलें कायद्याच्या आणि वैद्यकाच्या परीक्षांस किती जड इंग्रजी पचवितात तें पाहावें. जड आहे तो त्या भाषेंतला विचार, आणि तो मराठींत असल्यामुळें टाळतां येत नाहीं, ही खरी तक्रार आहे.

विषय तरी पाहावे! 'सोवळ्याची मीमांसा' हा एक निबंध. 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हा दुसरा. मरणाच्या घरांत जे विधि आपण निमूटपणें करतों त्यांतील एकेक उचलून, हा कशासाठीं, यानें कोणाचें काय साधतें, असें तेथें विचारलें आहे. 'स्त्रियांनीं जाकिटें घातलींच पाहिजेत' हें मथळ्यावरून थट्टेचें वाटतें. पण पेहरावासारख्या क्षुद्र गोष्टींत रूढीखेरीज दुसऱ्या कशाचा, सोयीचा, थंडीवाऱ्याचा, प्रकृतीचा विचार करावयाचा कीं नाहीं, हा त्यांतला मुद्दा थट्टेचा नाहीं. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें आणि तें एकत्र बसवून द्यावें, असें त्यांनीं लिहिलें तेव्हां मुलींनीं शाळेंत जावें कीं नाहीं याचाच निकाल पुण्यांत लागावयाचा होता. या सर्व लेखनामागें एकच हट्ट आहे. रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर सुधारक नव्या चालीला जुन्या शास्त्राचा आधार आहे कीं नाहीं हें शोधीत. भांडारकरांनीं विवाहाच्या वयासंबंधीं धर्मशास्त्रांतील वचनें मोठ्या विद्वत्तेनें गोळा केलीं. आगरकर त्या वाटेस गेले नाहींत. गोष्ट हितावह असेल तर शास्त्रांत नसली तरी करावी, अहितकर असेल तर शास्त्रांत असली तरी सोडावी, आणि हिताहित ठरवावयाचें तें आपल्या बुद्धीनें. ही भूमिका गैरसोयीची आहे. शास्त्राच्या आधारानें चालणारास कोठें तरी थांबतां येतें. हिला थांबावयास जागा नाहीं. म्हणूनच आम्हांस वाटतें, कीं पुडीची गोष्ट सांगणें सोपें पडतें.

मिल्ल आणि स्पेन्सर यांचें उष्टें खाऊन त्यांनीं इंग्रजी विचार मराठींत वाढला, हा आगरकरांवरील जुना आक्षेप आहे आणि तो अद्याप ऐकूं येतो. मिल्लचा त्यांच्यावर प्रभाव होता, स्पेन्सरचा तर थोडा अधिकच होता, आणि सर्व समाज एकाच जिन्यानें वर चढत असतात हा स्पेन्सरी विश्वास आज टिकणार नाहीं. परंतु सोवळ्यावर, केशवपनावर, मृताच्या दहाव्या-तेराव्यावर मिल्लनें कांहीं लिहिलें नव्हतें. तें आगरकरांना आपल्या घरांत आणि आपल्या गल्लींत डोळे उघडे ठेवून पाहावें लागलें. इंग्रजांचे ते भाट होते असें ज्यांस वाटतें त्यांनीं 'हिंदुस्थानचें राज्य कोणासाठीं?' हा निबंध वाचावा आणि मग बोलावें. राज्य कोणाच्या फायद्यासाठीं चाललें आहे या प्रश्नाचें उत्तर देतांना त्यांनीं राज्यकर्त्यांची भीड ठेवलेली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. आगरकरांचें कार्य संपलें, त्यांनीं मागितलें तें सर्व कायद्यानें मिळालें, तेव्हां आतां तें लेखन इतिहासांत जमा झालें, असें सुशिक्षित मंडळी म्हणतात. कायद्यांची यादी आम्हांसही येते. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ चाच, आगरकरांच्या जन्माच्या महिन्यांतला. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा झालें, ज्यावरून पुण्यांत रण माजलें आणि ज्यांत आगरकर कायद्याच्या बाजूनें व टिळक विरुद्ध बाजूनें उभे होते. १९२९ सालीं शारदा कायदा, त्यापुढें आणखी कायदे, आणि आतां मुलीचें वय अठरा. परंतु ज्या विधवाविवाहाला १८५६ मध्येंच मोकळीक मिळाली त्यावर आगरकरांना तीस-पस्तीस वर्षांनीं लेखणी झिजवावी कां लागली, हा प्रश्न या मंडळींना कधीं पडत नाहीं. कायदा झाला होता; चाल तशीच होती.

आणि ती अजून कोठें सुटली आहे? २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें एक ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा आमच्या गांवांत बंद, असा तो ठराव होता. राज्य सरकारनें तो इतर गांवांपुढें कित्ता म्हणून ठेविला, वर्तमानपत्रांनीं पहिल्या पानावर छापला. हेरवाडकरांचें अभिनंदन आम्हीं मनापासून केलें. पण त्याच वेळीं मनांत आलें, कीं आगरकरांस जाऊन १२७ वर्षें झाल्यावर, याच कृष्णाखोऱ्यांत, ही वार्ता ठरावी! जी गोष्ट खरोखर इतिहासजमा झालेली असते ती बंद करण्यास ग्रामसभेचा ठराव लागत नाहीं. बरें, ज्या घरांतून ठराव वाचून वाहवा झाली त्या शहरी, पांढरपेशा घरांत हळदीकुंकवाच्या आमंत्रणांची यादी करतांना कोणाकोणाचें नांव वगळलें जातें, हें यादी करणारास ठाऊक आहे.

याहून कठोर दाखला सातारा जिल्ह्यांतलाच आहे. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, धंद्यानें डॉक्टर, अंधश्रद्धेविरुद्ध त्यांनीं चालविलेलें काम म्हणजे आगरकरांच्या हट्टाचाच पुढचा भाग. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत ओंकारेश्वराच्या पुलावर त्यांना गोळ्या घालून मारण्यांत आलें. ज्या कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले तो, ते गेल्यावर, त्याच वर्षीं झाला. १९ व्या शतकांतल्या पुण्यानें आगरकरांची खोटी प्रेतयात्रा काढली म्हणून आपण सभांतून त्या पुण्यास हंसतों. हंसण्यापूर्वीं या दोन गोष्टींचीं सालें जवळ जवळ लिहून पाहावीं. आगरकरांच्या जिवंतपणींच्या प्रेतयात्रेची कथा डोळ्यांत पाणी आणून सांगणारा वक्ता २०१३ वर येत नाहीं, कारण तेथें श्रोत्यांत दुमत होईल, आणि पुण्यतिथीच्या सभेंत दुमत म्हणजे औचित्यभंग. दुमताला भिऊं नये यावर मृत व्यक्तीनें स्वतः एक स्वतंत्र निबंध लिहिला आहे, हें त्या सभेस माहीतच नसतें.

आम्ही आगरकरांस निर्दोष ठरवावयास निघालों आहों असें मात्र कोणी समजूं नये. तें काम तसबीरवाल्यांचें. आगरकर वाचीत गेलें कीं त्यांची मर्यादाही दिसते. त्यांची विधवा, त्यांची बालवधू, त्यांचा सुशिक्षित तरुण हीं बहुतेक पांढरपेशा घरांतलीं आहेत. १८८२ च्या खटल्यांत टिळक-आगरकरांना जामीन मिळाला तो जोतीराव फुल्यांच्या खटपटीनें. फुल्यांचें मूळ गांव कटगुणही सातारा जिल्ह्यांतलेंच. परंतु शेतकरी आणि जाति यांचा जो प्रश्न फुल्यांच्या लेखनाच्या मध्यभागीं उभा आहे, तो आगरकरांच्या लेखनांत कडेला राहतो. याविषयीं आगरकरांना जाब विचारला पाहिजे, आणि त्यांच्याच पद्धतीनें, एकामागून एक प्रश्न टाकून, विचारला पाहिजे. ज्यानें निबंध वाचलेच नाहींत त्याला हा जाब विचारतां येत नाहीं. तो एक तर हार घालतो, नाहीं तर हार फेकतो.

म्हणून आमची सूचना अशी, कीं येत्या १७ जूनला कराडांत व्याख्यान नको. सदरा, प्रेतयात्रा आणि पुडी यांस निदान पांच वर्षें रजा द्यावी. एक निबंध निवडावा, तो कोणा चांगल्या वाचणाऱ्या मुलीकडून सबंध वाचवून घ्यावा, आणि मग ज्यास तो पटला नाहीं त्यानें प्रथम उठून बोलावें. सभा मोडली तरी चालेल.

हा प्रयोग आम्हीं आमच्या घरीं करून पाहिला आहे. गेल्या श्रावणांत आमच्या आत्याबाई चार दिवसांसाठीं राहावयास आल्या होत्या. वय ऐशींच्या घरांत, सोंवळेंओंवळें कडक, आणि कान तीक्ष्ण. रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या धाकट्या मुलीनें प्रेतसंस्कारांवरचा तो निबंध मोठ्यानें वाचावयास घेतला. पहिल्या पांच मिनिटांतच आत्याबाईंनीं जपाची माळ खालीं ठेविली. "थांब ग," त्या म्हणाल्या, "हें त्यानें आपल्या घरच्यांना विचारून लिहिलें होतें का?" मुलगी म्हणाली, "आत्याआजी, आधीं पुरें ऐकून तर घ्या." त्यांनीं ऐकून घेतलें. मग जी वादावादी झाली तींत आमच्या आजोबांच्या तेराव्याला काढलेलें कर्ज निघालें, तें फेडावयास विकलेली शेताची पट्टी निघाली, त्या वेळीं घरांतल्या बायकांस कोणी एका शब्दानें विचारलें नव्हतें हेंही निघालें. आणि इतकें सगळें स्वतःच सांगूनही आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या कीं विधि हे झालेच पाहिजेत, तुमचा आगरकर साफ चुकला आहे. अकराचे ठोके पडले तेव्हां आम्ही दिवा मालवावयास उठलों. चौथ्या दिवशीं त्या परत निघाल्या तेव्हां पिशवींत तो खंड त्यांनीं न विचारतां घातलेला होता. "कोठें कोठें चुकलाय तें खुणा करून पाठवितें," असें गाडींत बसतां बसतां म्हणाल्या. दसरा गेला, दिवाळी गेली. खंड अजून त्यांच्याकडेच आहे.